एकवीसचे बारा

"चाचा, हें उर्दू न्हय. हीं प्रश्नचिन्हां," असं म्हणून जानकीने मॉनिटर दस्तगीरचाचांकडे वळवला.

पडद्यावर सात ओळी होत्या आणि सातही ओळींत प्रश्नचिन्हांशिवाय दुसरं काही नव्हतं. मध्ये एक पूर्णविराम होता, तो चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा अवघडून बसला होता. दस्तगीरचाचांनी चष्मा पुसला, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाले, "कॉम्प्युटर काय तरी विचारता दिसता. सांग मगे ताका."

जानकीने कपाळाला हात लावला. डिचोलीच्या बसस्टँडसमोर तिचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. नऊ वर्षांत तिने लग्नाच्या, मुंजीच्या, बाराव्याच्या मिळून काही हजार पत्रिका जुळवल्या होत्या. ती मजकूर जुळवून द्यायची आणि म्हापशाचा एक छापखाना छापून द्यायचा. मराठी, कोंकणी, इंग्रजी, एकदा तर एका पाद्रीबाबासाठी पोर्तुगीजसुद्धा तिने बिनचूक जुळवलं होतं. पण उर्दू तिच्या दुकानाची पायरी पहिल्यांदाच चढत होतं.

दस्तगीरचाचा म्हणजे खाणीवरच्या ट्रकांच्या सीटा शिवणारे. त्यांची धाकटी मुलगी जैबू, म्हणजे जैबुन्निसा, हिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तौफिक मुरगाव बंदरात क्रेनवर होता. तारीख एकवीस मे, दोन हजार सहा, रविवार. पत्रिकेची एक बाजू मराठी आणि एक उर्दू हवी होती.

"चाचा, तुमका उर्दू वाचूक येता?" जानकीने विचारलं.

"म्हाका? ना गो. ल्हान आसताना मदरशात अक्षरां शिकलों, तेवढीच."

"चाचीला?"

"तिका येता थोडां. पण चष्मो लावन पानभर वाचूचा म्हटलां तर संध्याकाळ जाता."

"नवऱ्याकडच्यांना?"

"ते आमच्यासारखेच."

"मग छापायचं कोणासाठी?"

दस्तगीरचाचांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. हलिमाचाचीचे आईवडील ती पाच वर्षांची असताना गेले. तिला वाढवलं ते बेळगावच्या गफूरमास्तरांनी, म्हणजे तिच्या सख्ख्या चुलत्याने. ते उर्दू शाळेचे हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. सहा वर्षांपूर्वी थोरल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका नुसतीच मराठीत छापली. ती मास्तरांना पोचली आणि त्याच टपालाने परत आली. लग्नाला ते आले नाहीत. तेव्हापासून फोन नाही, ईदचा निरोप नाही. हलिमाचाची आजही बेळगावची बस दिसली की तोंड फिरवून डोळे पुसत असे.

"बाय, हे खेपेक तो येवंक जाय," दस्तगीरचाचा म्हणाले. "बाकी लग्न कशेंय जांव."

ह्या वेळी मास्तर आलेच पाहिजेत, एवढंच मागणं ऐकल्यावर जानकीला नाही म्हणता येईना. तिथेच ती फसली.

उर्दू मजकूर तौफिकच्या शारजातल्या भावाने टाइप करून ईमेलने पाठवला होता. दुकानाच्या वरच्या मजल्यावर सागरचं सायबर कॅफे होतं. त्याच्या नव्या कॉम्प्युटरवर ईमेल उघडलं तर मजकूर कसा सुरेख, वळणदार दिसत होता. जानकीने तो फ्लॉपीत घेतला, जिना उतरली, आपल्या पत्रिका जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, की प्रश्नचिन्हं. पुन्हा जिना चढली. सागरने कुठून तरी एक अरबी फॉन्ट मिळवून दिला. ती खाली आली. आता प्रश्नचिन्हं गेली आणि अक्षरं आली. पण एकेक सुटी, रांगेत अंतर राखून उभी, आणि तीही उलट्या बाजूने.

"सागर!" ती जिन्यातूनच ओरडली. "तुझ्याकडे हातात हात घालून असतात आणि माझ्याकडे भांडण झाल्यासारखी कशी?"

सागर चहा पीत खाली आला. त्याला समजावून सांगायला फार आवडत असे, आणि त्यामुळे जानकीला त्याच्याकडे काही विचारायला मुळीच आवडत नसे.

"जानकीताई, फायलीत अक्षर नसतंच. अक्षराचा नंबर असतो. समज 'बे' हे अक्षर. त्याचा नंबर एकच. पण शब्दाच्या सुरुवातीला आलं तर त्याचं रूप एक, मध्ये आलं तर दुसरं, शेवटी तिसरं, आणि एकटंच असलं तर चौथं. कुठे कुठलं रूप घ्यायचं ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने ठरवायचं. उजवीकडून डावीकडे मांडायचं तेही त्यानेच. माझ्याकडच्याला ते शिकवलंय. तुझ्याकडच्याला नाही."

"आता ह्या वयात त्याला शिकवू कसं?"

"नको शिकवू. ह्या फॉन्टात चारही रूपांना वेगवेगळे नंबरपण दिलेत, जुन्या मशीनांच्या सोयीसाठी. तक्त्यातून एकेक रूप उचल आणि तूच जोड. फक्त ओळ उलटी लिही, शेवटचं अक्षर पहिलं. म्हणजे वाचणाऱ्याला सुलटी दिसेल."

एवढं सांगून तो कप घेऊन वर निघून गेला. 'फक्त' हा शब्द ज्या माणसाने शोधून काढला त्याला स्वतः काही काम करावं लागत नसणार, असं जानकीला वाटलं.

तीन दिवस तिने दुसरं काही केलं नाही. जमिनीच्या उताऱ्याच्या झेरॉक्सला आलेली माणसं वाट बघून निघून गेली. मे महिन्याची काहिली, दुपारी वीज जायची, पंखा थांबायचा आणि न साठवलेली दीड ओळ त्याबरोबर जायची. वर जाऊन एक शब्द डोळ्यांत साठवायचा, जिना उतरेपर्यंत तो पुटपुटत राहायचं, खाली येऊन त्याचे तुकडे तक्त्यातून शोधायचे आणि शेपटाकडून डोक्याकडे लावायचे. काही अक्षरं गुणी होती. पण अलिफ, दाल, रे आणि वाव ह्या चौघांनी तिचा जीव नकोसा केला. ती मागच्याचा हात धरत, पुढच्याचा धरायला साफ नकार देत. तिच्या थोरल्या जावेची आठवण यावी, अशीच ती वागत.

दस्तगीरचाचा रोज दुपारी सीटेच्या रेक्झिनचा वास घेऊन यायचे आणि तपासणीला बसायचे. त्यांची तपासणी म्हणजे नुक्ते मोजणं. वर सागरकडे जाऊन शब्दावर किती ठिपके आहेत ते मोजायचे, खाली येऊन ताळा करायचे.

"ह्या शब्दाक वर तीन, सकयल दोन. तुज्याकडे सकयल एकच."

"घातला. आता?"

"आता बरो."

तिसऱ्या दिवशी 'बेटी' ह्या शब्दावर गाडं अडलं. त्यातलं 'टे' हे अक्षर अरबीत नाहीच, म्हणून फॉन्टातही नव्हतं. त्या जागी नुसता रिकामा चौकोन येत होता.

"ह्या चौकोनात काय घालू, चाचा?"

दस्तगीरचाचांनी खूप विचार केला. "'ते' घाल. जवळचोच आसा. कोणाक कळतलां?"

पुढे 'इतवार' हा शब्द आला. त्यात अलिफ, वाव आणि रे असे तिघेही एकत्र बसलेले होते. जानकीने तो पाच वेळा जोडला, पाचही वेळा मोडला आणि शेवटी माउस आपटला.

"चाचा, वार हवाच?"

"वार कित्याक? तारीख आसा मगे."

वार गेला. राहिले ते तारीख, साल, वेळ आणि फोनचे आकडे. इतका वेळ सगळं उलटं लावून लावून जानकीचा हात असा बसला होता, की तिने आकडेही शेवटाकडून सुरुवातीकडे झटपट लावून टाकले. आकड्यांना नुक्ते नसतात. त्यामुळे दस्तगीरचाचांनी ते तपासलेच नाहीत.

पत्रिका छापून आल्या आणि वाटल्या गेल्या. पहिली पत्रिका बेळगावला रजिस्टर टपालाने गेली. ह्या वेळी ती परत आली नाही. उत्तरही आलं नाही, पण परत आली नाही ह्यावरच हलिमाचाचीने मोहल्ल्यात बर्फी वाटली. एक पुडा जानकीलाही मिळाला. कष्टाचं चीज झालं, असं म्हणून तिने तो एका बैठकीत संपवला.

शुक्रवारी, बारा तारखेला, सकाळी दहाच्या सुमाराला एक धुळीने लाल झालेली जीप चोर्ला घाटातून येऊन तिच्या दुकानासमोर थांबली. आतून एकामागून एक नऊ माणसं उतरली. जरीच्या साड्या, नवे कुर्ते, अत्तराचा दरवळ. सगळ्यांत शेवटी उतरले ते काळी शेरवानी आणि उंच टोपी घातलेले, काठीसारखे ताठ एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी दुकानात येऊन एक पत्रिका काउंटरवर ठेवली.

"बेटी, हे दस्तगीर सीटवाल्याचं घर कुठे? ह्यावरच्या नंबराला चार वेळा फोन केला. तो नंबर अस्तित्वातच नाही, असं एक बाई सांगते."

पत्रिका बघून जानकीला आधी अभिमान वाटला. मग तिच्या लक्षात आलं की लग्नाला अजून नऊ दिवस आहेत.

"तुम्ही... गफूरमास्तर?"

"होय. अकराचा निकाह आहे. उशीर नको व्हायला."

"आज?"

"तारीख बारा. हे बघ." मास्तरांनी पत्रिका जेमतेम उघडून तळाच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "वार लिहिलेला नाही, पण आज जुम्मा. म्हटलं, चांगला दिवस बघून ठरवलंय."

जानकीने आकडे पाहिले. पाणी आणते असं सांगून ती मागच्या दाराने बाहेर पडली आणि जिना चढून सागरसमोर उभी राहिली.

"सागर, आकडे उलटे लावायचे की सुलटे?"

"सुलटेच. अक्षरं उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचतात. तुला सांगायचं राहिलं काय?"

त्याला काय म्हणायचं ते मनात साठवून ठेवून ती तशीच मुस्लिमवाड्याकडे धावली.

दस्तगीरचाचांच्या घराचं सगळं सामान अंगणात होतं. कपाट, पलंग, शिलाई मशीन आणि दोन ट्रकांच्या सीटा उन्हात पडल्या होत्या. चाचा लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून शिडीवर चढले होते आणि भिंतीला चुना लावत होते. हलिमाचाची डोक्याला फडकं बांधून पातेली घासत होती.

"चाचा, खाली या. मास्तर आले."

"खंयचे मास्तर?"

"बेळगावचे. नऊ माणसं. लग्नाला."

शिडीवरून आधी चुन्याची बादली खाली आली आणि मग चाचा. हलिमाचाची मात्र जागची हलली नाही. "चाचाजान आलेत?" एवढंच ती म्हणाली. तारीख कुठली, घरात बसायला खुर्ची आहे की नाही, ह्यातलं काही तिच्या ध्यानातही आलं नाही. तशीच, राखेच्या हातांनी, ती रस्त्याकडे निघाली. पण तोवर जीपच गल्लीत शिरली होती.

मास्तर उतरले. त्यांनी अंगणातलं कपाट पाहिलं, पलंग पाहिला, चुन्याने पांढरे झालेले जावई पाहिले. सहा वर्षांचा राग आता दुपटीने परत जाणार आणि चोर्ला घाट चढणार, हे जानकीला स्पष्ट दिसलं. ती पुढे झाली.

"मास्तर, चूक माझी. लग्न एकवीसला आहे. आकडे उलटे पडले. चाचांचा काही दोष नाही. मला उर्दू येत नाही आणि माझ्या कॉम्प्युटरलापण येत नाही."

मास्तरांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "हे तू छापलंस?"

"होय."

त्यांनी शेरवानीच्या खिशातून आपली पत्रिका पुन्हा काढली आणि उघडून धरली. आतली उर्दू बाजू लाल शाईने भरली होती. गोल, फुल्या, बाण, समासात शेरे. खाली अधोरेखित करून एकूण लिहिलं होतं: एकतीस.

"सहा शब्द तुटलेले. दहा ठिकाणी शेवटचं रूप मध्ये. साल सहा हजार दोन. ते मी मनात दुरुस्त करून घेतलं."

ज्या माणसाला साल उलटं झालेलं कळलं, त्याला तारीख उलटी झालेली का कळू नये, असं जानकीच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने ते गिळलं.

"आणि हे बघ," मास्तर म्हणाले. "'बेटी'च्या जागी 'बीती'. बीती म्हणजे अंगावर कोसळलेली गोष्ट. तर मजकूर असा झाला, की आमच्यावर कोसळलेल्या जैबुन्निसाचा निकाह आहे, आपण अवश्य यावे."

जैबू दाराआडून फिस्सकन हसली. दस्तगीरचाचांनी मान खाली घातली. "'ते' घाल म्हणून मीच सांगलां," ते पुटपुटले.

"मग तुम्ही आलात कसे?" जानकीने न राहवून विचारलं.

मास्तरांनी पत्रिका मिटली. "बिनचूक असती तर आलो नसतो. म्हटलं असतं, बेळगावात कोणाला तरी गाठून करून घेतली. पण चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, बेटी. ज्याला काही येत नाही आणि तरी जो बसून लिहितो, त्याचं अक्षर मला लांबून ओळखू येतं." ते हलिमाचाचीकडे वळले. "ह्या घरात कोणाला धड वाचता येत नाही, आणि माझ्या एकट्यासाठी एवढं केलं?"

हलिमाचाचीने त्यांची काळी बाही धरली आणि तिच्यावर डोकं टेकलं. बाहीला राख लागली. मास्तरांनी ती झटकली नाही.

नऊ जण नऊ दिवस राहणार हे तिथेच ठरलं. पलंग आत गेले, शेजाऱ्यांकडून गाद्या आल्या, उंडे पाव आणायला कोणी तरी पोदेराच्या बेकरीकडे पळालं. मास्तर जानकीला म्हणाले, "एक कोरा कागद आणि जाड स्केचपेन दे." उकिडवं बसून, गुडघ्यावर पाट घेऊन त्यांनी संपूर्ण मजकूर हाताने लिहिला. अक्षरं पाण्यासारखी वाहत गेली. अलिफसुद्धा निमूट उभं राहिलं. ज्या दोन-चार उर्दू वाचणाऱ्या घरांत पत्रिका गेल्या होत्या, त्यांना हा सुधारलेला कागद पाठवायचा असं ठरलं.

जानकीने तो दुकानात नेऊन स्कॅन केला. पडद्यावर तो जसाच्या तसा उमटला. एकही अक्षर सुटलं नाही, एकही उलटं झालं नाही. चार मिनिटं लागली.

"असं कसं चाललं?" तिने सागरला विचारलं.

"हे चित्र ना, ताई. चित्रात अक्षर कुठलं ते कॉम्प्युटरला कळावंच लागत नाही. तसं माझ्या पडद्याचंपण चित्र काढून तुझ्याकडे टाकता आलं असतं."

"हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू अक्षरं कशी जोडायची ते विचारलंस."

जानकीने स्कॅनरचं झाकण हळूच बंद केलं. जोरात बंद केलं असतं तर ते तिच्या हातून सागरच्या दिशेने गेलं असतं. कागद घेऊन ती परत आली तेव्हा मास्तर सारवलेल्या पडवीत चहा पीत होते आणि शेजारी एक मराठी वर्तमानपत्र पडलं होतं. शब्दकोडं पूर्ण सोडवलेलं होतं, तेही पेनाने.

ती थबकली. "मास्तर, हे कोडं कोणी सोडवलं?"

"मी. का?"

"तुम्हाला मराठी वाचता येतं?"

"बेळगावात जन्म काढला. रोज दोन पेपर वाचतो."

जानकीच्या आवाजाला धार आली. "मग पत्रिकेच्या पाठीमागे मराठीत एवढं ठळक छापलंय. एकवीस मे, रविवार. ते का नाही वाचलंत?"

"जी बाजू माझ्यासाठी छापली ती मी वाचली," मास्तर शांतपणे म्हणाले. "ती सोडून पाठची बाजू तपासायची म्हणजे छापणाऱ्याचा अपमान."

तीन दिवस, एकतीस चुका, नऊ पाहुणे. आणि उत्तर कायम त्यांच्या अंगठ्याखाली छापलेलं होतं! "आता तरी वाचा," ती म्हणाली. "माझ्या मराठीत तुम्हाला एक चूक सापडायची नाही. वीस मिनिटांत जुळवलीय ती बाजू."

मास्तरांनी कप खाली ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पत्रिका उलटी केली. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"हे हरमल कुठे आहे?"

"पेडण्यात. समुद्राकडे. का?"

"निकाह तिथे आहे?"

जानकीने पत्रिका ओढून घेतली. 'स्थळ : सागरतीर सभागृह, हरमल.' महिन्यापूर्वी हरमलच्या शीतलच्या लग्नाची पत्रिका केली होती. तीच फाईल उघडून तिने नावं बदलली होती, तारीख बदलली होती, आणि बाकी सगळं लक्ष उर्दूकडे होतं.

"चाचा," ती म्हणाली, "पत्रिका बघून कोणी काही बोललं नाही?"

"चार-पाच जाण विचारी होते, हरमलाक कित्याक म्हणान," दस्तगीरचाचा आठवत म्हणाले. "म्हाका दिसलां, लग्न जातकच जैबू नि तौफिक फिरूक वतलीं काय, तें विचारतत. हय म्हटलां."

त्यांनी घाईघाईने मुरगावला फोन लावला. तौफिकच्या वडिलांनी आनंदाने सांगितलं की वऱ्हाडाची बस हरमलसाठी ठरवून झाली आहे, पोरंसोरं पोहायचे कपडेही घेणार आहेत, आणि समुद्रकाठी लग्न करायची कल्पना त्यांच्याकडे सगळ्यांनाच फार पसंत पडली आहे.

नऊ दिवस हातात होते. तीनशे घरी पुन्हा जायचं होतं आणि बस हरमलहून डिचोलीकडे वळवायची होती. मास्तरांनी खिशातून लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि 'हरमल'भोवती एक नेटका गोल काढला. मग खाली आकडा लिहिला, एक.

"उर्दूत एकतीस, मराठीत एकच," त्यांनी पत्रिका जानकीच्या हातात दिली. "पण नापास तू मराठीत झालीस."